पहिला कॅमेरा घेताना: मिररलेस की डीएसएलआर, आणि त्याआधी लेन्स

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून फोटोग्राफी शिकायची तर विषयांची ददात नाही. खाडीत फ्लेमिंगो आहेत, येऊरचं जंगल आहे, घोडबंदर रोडला ओवळेकर वाडीत फुलपाखरं आहेत, पाडव्याला शोभायात्रा आहे. गाडी अडते ती दुकानात. काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले जातात, दोन्ही 24 मेगापिक्सेलचे, बऱ्याचदा एकाच कंपनीचे. एक डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, एक मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, आणि किमतीत चांगलाच फरक. नवखा माणूस तिथेच गोंधळतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नवा कोरा कॅमेरा घेणार असाल तर मिररलेस घ्या. पैसे मोजकेच असतील आणि पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची लेन्स हवीच असेल, तर चांगला सेकंडहँड डीएसएलआर बिनधास्त घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण या दोन्हींच्या आधी लेन्सचा विचार करा. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, चार-सहा वर्षांनी बदलली जाते. लेन्स मात्र एकदा दोन-तीन जमल्या की त्या ज्या कंपनीच्या, त्याच कंपनीशी आपण बांधले जातो.

पायरी 1: काय टिपायचंय ते कागदावर लिहा

‘सगळंच’ असं लिहू नका. पुढच्या वर्षभरात सुट्टीच्या दिवशी तुमची पावलं खरोखर कुठे वळणार आहेत, ते लिहा. कारण प्रत्येक जागा वेगळी लेन्स मागते.

लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. खाडीतले पक्षी असतील तर 400 मिलिमीटरच्या खाली समाधान होत नाही. फुलपाखरं आणि किडे असतील तर 90 ते 105 मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे बारीक गोष्टी मोठ्या करून टिपणारी, लेन्स बरी, कारण तिच्यामुळे फुलपाखरापासून थोडं लांब राहता येतं. कमी मिलिमीटरच्या मॅक्रोने इतकं जवळ जावं लागतं की ते उडूनच जातं. शोभायात्रा, लग्नकार्य, मासुंदा तलावाकाठची संध्याकाळ यांसाठी 17-50 च्या आसपासची झूम पुरते. घरातल्या लहान मुलांसाठी 35 किंवा 50 मिलिमीटरची, एफ/1.8 (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो) अशी एकच साधी प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सपेक्षा कितीतरी चांगले फोटो देते.

इथेच एक हिशेब समजून घ्या. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली फोटो टिपणारी चिप. आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा असतो. फुलफ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा, एपीएस-सी त्याहून लहान. त्यामुळे लेन्सचं दृश्य आवळलं जातं: निकॉन, सोनी, फुजीमध्ये दीडपट, कॅननमध्ये 1.6 पट. म्हणजे 400 मिलिमीटरची लेन्स 600 किंवा 640 सारखी दिसते. पक्ष्यांसाठी ही चांदीच आहे. उलट 50 मिलिमीटरची लेन्स 75-80 सारखी वागते, आणि वन बीएचकेच्या हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकली तरी वाढदिवसाचा अख्खा घोळका मावत नाही. घरातल्या फोटोंसाठी म्हणूनच मी 35 सुचवतो.

पायरी 2: आरसा गेल्याने काय बदललं, ते डोळ्यांनी बघा

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड 45 अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो, तिथून वर प्रिझममध्ये जातो आणि तुमच्या डोळ्यापर्यंत पोचतो. त्या आरशाचा मधला भाग थोडा उजेड आरपार सोडतो. तो मागच्या छोट्या आरशावरून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या वेगळ्या सेन्सरवर जातो. बटण दाबलं की आरसा खटकन वर उचलला जातो, शटर, म्हणजे सेन्सरपुढची झडप, उघडतं आणि फोटो निघतो. मिररलेसमध्ये हा मधला कारभारच नाही. उजेड सतत मुख्य सेन्सरवर पडतो. दृश्य दाखवणं, फोकस करणं, उजेड मोजणं ही सगळी कामं तोच करतो.

वाचून हे पटकन कळत नाही, म्हणून दुकानात दोन्ही कॅमेरे हातात घ्या आणि दाराशी येऊन रस्त्याकडे बघा. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये रस्ता जसा आहे तसाच दिसेल, काचेतून बघावा तसा. आता कॅमेऱ्यावरचं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ किंवा गडद करणारा आकडा, दोन स्टॉप (दोन पूर्ण पायऱ्या) खाली करा. दृश्यात काहीच फरक पडणार नाही. फोटो काढून मागच्या पडद्यावर बघाल तेव्हा तो काळवंडलेला दिसेल. हेच मिररलेसवर करा. आकडा बदलता बदलता डोळ्यासमोरचं चित्रच काळोखं होत जाईल. फोटो काढण्याआधी फोटो कसा येणार हे दिसणं, नवख्याला शिकवणारी याहून मोठी सोय दुसरी नाही. फिकट पिसांचे फ्लेमिंगो काळपट चिखलावर उभे असतात तेव्हा कॅमेरा हमखास फसतो आणि पिसांतला तपशील पांढरा होऊन जातो. ज्या मिररलेसमध्ये झेब्राची सोय आहे, तिथे तेवढ्या भागावर तिरपे पट्टे आधीच दिसतात. तुम्ही तिथल्या तिथे एक्स्पोजर कमी करता.

फोकसचा फरक याहून मोठा आहे. कॅननच्या 1500डी मध्ये फोकसचे बिंदू 9 आहेत, निकॉनच्या डी3500 मध्ये 11, आणि तेही फ्रेमच्या मधल्या भागात गोळा झालेले. पक्षी कडेला असेल तर आधी मध्ये घेऊन फोकस करा, मग फ्रेम सरकवा, तोवर पक्षी गेलेला असतो. मिररलेसमध्ये फोकस जवळजवळ सगळ्या फ्रेमभर चालतो आणि चेहरा किंवा डोळा सापडला की तो धरून ठेवतो. शोभायात्रेत फेटे, झेंडे, लेझीम यांच्या गर्दीतून पुढे येणाऱ्या मुलीच्या डोळ्यावरच फोकस टिकून राहतो. मात्र एक गोष्ट विचारून घ्या. सगळ्याच मिररलेसना पक्षी ओळखता येतात असं नाही. खोक्यावर ‘आय एएफ’ लिहिलं असेल तर तो डोळा माणसाचा असू शकतो. पक्ष्यांसाठी घेत असाल तर मेनू उघडायला लावा आणि विषयांच्या यादीत पक्षी आहे का, हे स्वतः बघा.

डीएसएलआरच्या बाजूने दोन गोष्टी ठामपणे सांगता येतात. एक म्हणजे बॅटरी. जपानच्या सीपा या कॅमेरा उत्पादकांच्या संस्थेच्या ठरलेल्या चाचणीत डी3500 एका चार्जिंगवर 1550 फोटो देतो, तर निकॉनचाच मिररलेस झेड50 सुमारे 320. प्रत्यक्षात दोन्ही जास्त देतात, पण प्रमाण साधारण तसंच राहतं. म्हणून मिररलेस घेतला की जादा बॅटरी त्याच दिवशी घ्यायची, ती किमतीतच धरायची. दुसरी गोष्ट व्ह्यूफाइंडरची. पक्षी दिसण्याची वाट बघत तासभर डोळा लावून बसलात तरी डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर बॅटरी जवळपास खात नाही.

वजनाबद्दल मात्र लोकांचा गैरसमज आहे. बॅटरी आणि कार्डासकट डी3500 भरतो 415 ग्रॅम, कॅननचा मिररलेस आर50 भरतो 375 ग्रॅम. फरक फक्त 40 ग्रॅमचा. खांदा दुखतो तो लेन्समुळे, आणि लांब पल्ल्याच्या लेन्सचं वजन आरसा काढल्याने कमी होत नाही. ‘मिररलेस हलका असतो’ एवढ्याच कारणासाठी जास्त पैसे मोजू नका.

आणखी एक खाचखळगा. सोनी झेडव्ही-ई10 आणि निकॉन झेड30 हे चांगले कॅमेरे आहेत, पण ते व्हिडिओ करणाऱ्यांसाठी बनवलेले. त्यांना व्ह्यूफाइंडरच नाही, फक्त मागचा पडदा. पाम बीच रोडला किंवा खाडीकाठी सकाळी दहानंतरच्या उन्हात त्या पडद्यावर काय दिसतंय हे कळेनासं होतं. बाहेर फोटो काढणार असाल तर व्ह्यूफाइंडर असलेलाच कॅमेरा घ्या.

पायरी 3: माउंट ठरवा

इथे घाई करू नका, कारण पुढचा सगळा खर्च याच निर्णयावर चालतो.

लेन्स ज्या कड्यात बसते त्याला माउंट म्हणतात. त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटचं ठरलेलं असतं. डीएसएलआरमध्ये मध्ये आरसा हलायला जागा लागते, म्हणून ते अंतर मोठं: कॅनन ईएफमध्ये 44 मिलिमीटर, निकॉन एफमध्ये 46.5. मिररलेसमध्ये आरसाच नाही, तेव्हा अंतर घटलं: कॅनन आरएफ 20, सोनी ई 18, निकॉन झेड 16.

या आकड्यांतून एक सरळ नियम निघतो. डीएसएलआरची लेन्स मिररलेसवर चालते, कारण मधली रिकामी जागा ॲडॉप्टर भरून काढतो. मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर चालत नाही, कारण तिला सेन्सरच्या जितकं जवळ जावं लागतं तितकं जाताच येत नाही. म्हणजे आज सेकंडहँड डीएसएलआर आणि त्याची चांगली लेन्स घेतली, तर उद्या मिररलेसकडे जाताना ती लेन्स बरोबर नेता येईल. उलटा प्रवास नाही.

ॲडॉप्टरच्या बाबतीत कॅनन आणि निकॉन यांत एक महत्त्वाचा फरक आहे. कॅनन ईएफ माउंट 1987 मध्ये आला तेव्हापासून फोकसची मोटर लेन्समध्येच आहे. त्यामुळे ईएफ आणि ईएफ-एस लेन्स कॅननच्या ॲडॉप्टरने आर या मिररलेस मालिकेवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनचा एफ माउंट 1959 चा. त्यातल्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते. त्यांना कॅमेऱ्यातली मोटर फिरवते. डी3500, डी5600 यांसारख्या बॉडीत ती मोटर नाही आणि निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्येही नाही. त्यामुळे स्वस्तात मिळणारी 50 मिलिमीटर एफ/1.8 ‘डी’ लेन्स या सगळ्यांवर फक्त हाताने फोकस करते. थोडे पैसे जास्त घालून ‘एएफ-एस’ आणि ‘जी’ अशी अक्षरं असलेलीच घ्या.

आणि सेकंडहँड बाजारात एका गोष्टीला हात लावताना दहादा विचार करा: कॅननची जुनी मिररलेस एम मालिका, म्हणजे एम50 वगैरे. कॅमेरे छोटे, देखणे, स्वस्त. पण कॅननने ते माउंट 2023 मध्ये बंद केलं. त्याचं अंतर 18 मिलिमीटर, आरएफचं 20, म्हणून एम मालिकेच्या लेन्स नव्या आर मालिकेवर बसूच शकत नाहीत. जे घ्याल ते तिथेच संपेल.

डीएसएलआरच्या भवितव्याबद्दल दुकानदार काहीही सांगोत, तारखा स्पष्ट आहेत. पॅनासोनिकने 2008 मध्ये लुमिक्स जी1 आणला, पहिला मायक्रो फोर थर्ड्स मिररलेस. सोनीने 2013 मध्ये ए7 ने फुलफ्रेम मिररलेस आणला. 2018 मध्ये निकॉन आणि कॅनन दोघेही फुलफ्रेम मिररलेसमध्ये उतरले. 2020 नंतर या दोघांचा एकही नवा डीएसएलआर आलेला नाही. पेंटॅक्स मात्र डीएसएलआरला धरून आहे; त्यांचा के-3 मार्क 3 2021 मधला. म्हणून म्हणतो, कोरा करकरीत डीएसएलआर घेण्यात आता अर्थ नाही. सेकंडहँडची गोष्ट वेगळी, तिथे कमी पैशांत उत्तम लेन्स मिळतात.

मग मिररलेसमध्ये कुठलं माउंट? सोनीने ई माउंटची तांत्रिक माहिती 2011 मध्येच इतर कंपन्यांना खुली केली, म्हणून सिग्मा-टॅमरॉन या दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स बनवणाऱ्या कंपन्यांच्या सर्वांत जास्त लेन्स सोनीला मिळतात. कॅनन आरएफ बराच काळ बंदिस्त होतं. 2024 पासून एपीएस-सीसाठी सिग्मा आणि टॅमरॉन यायला लागले. निकॉन झेड या दोघांच्या मधे कुठेतरी. फुजीच्या एपीएस-सी लेन्स सुरेख, पण खिसा बघून. माझ्या मते घरात किंवा मित्रमंडळात ज्या कंपनीच्या लेन्स आहेत, तीच घ्यावी. आठवड्यासाठी मागून वापरलेली लेन्स, घ्यावी की नाही हे जितकं शिकवते तितकं कुठलाही व्हिडिओ शिकवत नाही.

पायरी 4: खाडीसाठी लेन्स, जरा सविस्तर

आपल्याकडचे बहुतेक नवे फोटोग्राफर शेवटी ठाणे खाडीकडे वळतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झालं आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत मोठे आणि छोटे असे दोन्ही जातींचे फ्लेमिंगो इथे असतात.

काही घेण्याआधी एक गोष्ट समजून घ्या: लेन्सइतकीच भरती-ओहोटी महत्त्वाची. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी लांबवर पसरून खात असतात. पाणी चढू लागलं की त्यांची चरायची जागा आक्रसत जाते. पूर्ण भरतीला बरेच पक्षी सीवूड्स-नेरूळकडच्या पाणथळ जागांवर विश्रांतीला येतात. तेव्हा भरतीची वेळ बघूनच घराबाहेर पडा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते तीही याच वेळांप्रमाणे. उन्हाची दिशाही बघा. ऐरोली खाडीच्या पूर्वेला, म्हणून तिथून पश्चिमेकडे बघताना सकाळी सूर्य पाठीशी असतो. भांडुपच्या बाजूने बघायचं तर संध्याकाळ चांगली.

लेन्सची गोष्ट आता. सेकंडहँड डीएसएलआरवाल्याला निकॉनची 200-500 एफ/5.6, किंवा सिग्मा-टॅमरॉनची 150-600 हे रास्त पर्याय. मिररलेसमध्ये सोनीची 200-600 आणि निकॉनची 180-600 उत्तम, पण महाग आणि जड. कॅनन आरएफ 100-400 ही मात्र नवख्यांसाठी फार कामाची लेन्स आहे: हलकी, त्या मानाने स्वस्त. तिचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, 400 ला एफ/8 आहे, आणि हे ऐकून जुने लोक नाक मुरडतात. त्याला कारण आहे. साध्या डीएसएलआरचा फोकस एफ/5.6 पर्यंतच भरवशाचा असतो. एफ/8 ला तो चाचपडतो. मिररलेस एफ/8 लाच काय, एफ/11 लाही नीट फोकस करतो. कॅननने 2020 मध्ये 600 आणि 800 मिलिमीटरच्या एफ/11 लेन्स काढल्या त्या याच जोरावर. पण उजेड कमी आत येतो ही वस्तुस्थिती राहतेच. खाडीच्या उघड्या उन्हात एफ/8 चालतं, येऊरच्या दाट सावलीत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडासाठीची संवेदनशीलता, खूप वर न्यावं लागतं.

उभ्या पक्ष्याला शटर 1/500 सेकंद पुरतं, उडणाऱ्याला 1/1600 च्या पुढे ठेवा. आणि सकाळी साडेनऊ-दहानंतर काढलेले लांबचे फोटो गढूळ आले तर लेन्सला दोष देऊ नका. तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते आणि ती लेन्सच्या किमतीला जुमानत नाही. त्या वेळी जवळच्या पक्ष्यांकडे वळावं. पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवणं, खडे फेकणं, ड्रोन उडवणं हे कुणी करत असेल तर त्याला तिथेच थांबवा. खाण्याच्या वेळेत विनाकारण उडवलेल्या थव्याची शक्ती वाया जाते, आणि ते पक्षी इथे आलेत ते खाण्यासाठीच.

पायरी 5: सेकंडहँड घेताना

फोर्टात सीएसएमटीच्या आसपासची दुकानं असोत, वाशी-नौपाड्यातलं दुकान असो की ओळखीचा माणूस, सामान हातात घेऊन तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. दिवसाउजेडी जा, स्वतःचं मेमरी कार्ड आणि एक टॉर्च घेऊन जा.

आधी लेन्स. मागचं झाकण काढा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि टॉर्चचा उजेड तिरपा आत टाका. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, फोटोत ते येत नाहीत. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, किंवा कडेकडेने पसरलेला पांढुरका थर दिसला, तर ती फंगस आहे. किंमत निम्मी केली तरी घेऊ नका. मग ॲपर्चरची पाती बघा. त्यांवर तेल असेल तर ती हळूहळू मिटतात.

मग बॉडी. भिंत किंवा आकाश एफ/16 ला, मुद्दाम फोकस बिघडवून टिपा आणि पडद्यावर मोठं करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, पण त्याचे पैसे किमतीतून वजा करून घ्या. शटर किती वेळा उघडलं ते विचारा. निकॉनच्या फोटोच्या माहितीत हा आकडा सापडतो, कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या फोटोत तो नसतो.

डीएसएलआरसाठी एक जास्तीची चाचणी आहे. वर्तमानपत्राचं पान टेबलावर पसरा, तिरपं बघा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि व्ह्यूफाइंडरमधून मधल्या मथळ्यावर फोकस करून फोटो काढा. नंतर लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघत, त्याच मथळ्यावर फोकस करून दुसरा काढा. दुसऱ्यात मथळा धारदार आणि पहिल्यात त्याच्या पुढची किंवा मागची ओळ धारदार, असं झालं तर तळाच्या फोकस सेन्सरचा आणि लेन्सचा मेळ बसत नाही. महागड्या डीएसएलआरमध्ये हे मेनूतून दुरुस्त करता येतं, 1500डी, डी3500 सारख्यांत ती सोय नाही. मिररलेसमध्ये मुख्य सेन्सरच फोकस करतो, म्हणून ही कटकट सहसा उद्भवत नाही.

बिलावरचा सीरियल नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळवून बघा. नवा माल ‘बिलाशिवाय स्वस्तात’ मिळत असेल तर वॉरंटी गेलीच असं समजा.

पायरी 6: पावसाळ्याची सोय कॅमेऱ्याच्या आधी करा

खरं तर ही पहिली पायरी म्हणायला हवी. जून ते सप्टेंबर आपल्या घरांत कपाटातल्या चपलांना, पट्ट्यांना बुरशी येते. लेन्समधल्या काचेवरही तीच येते, आणि एकदा काचेचा लेप खाल्ला की तो परत येत नाही. कोपरखैरणे, ऐरोली, सीवूड्समधल्या खाडीलगतच्या घरांत तर पावसाळ्यानंतरही हवा दमट राहते. मिररलेस असो की डीएसएलआर, फंगस भेदभाव करत नाही.

परवडत असेल तर ड्राय कॅबिनेट घ्या आणि आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांवर ठेवा. फार कोरडंही नको, रबर आणि आतलं वंगण सुकतं. नाहीतर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावरही भागतं. निळे दाणे ओलावा शोषून गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येतात. पण निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाची कढई त्यासाठी नको, जुनं भांडं वेगळं ठेवा. डब्यात तांदूळ टाकायचा सल्ला ऐकू नका, त्याची भुकटी लेन्सच्या फटींत जाते. आणि कॅमेरा बॅगेत कधीच साठवू नका. बॅगेचं कापड आणि फोम ओलावा धरून ठेवतात, बॅग प्रवासापुरती.

एसीच्या खोलीतून थेट बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा काढला की काच धुकटते. बाहेर पडल्यावर वीस-तीस मिनिटं बॅग बंदच ठेवा, मग उघडा. धुकं धरलंच तर त्या वेळी लेन्स बदलू नका. मिररलेसमध्ये लेन्स काढल्यावर सेन्सर बहुधा उघडा पडतो, पुढे आरसाही नसतो आणि काही मॉडेल सोडली तर शटरही नसतं. तेव्हा लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली, कॅमेरा बंद, आणि बांधकामाच्या धुळीपासून दूर. नवी मुंबईत ही शेवटची अट पाळणं सर्वांत कठीण.

पायरी 7: पहिल्या काही आठवड्यांची सेटिंग

मोड डायल ए किंवा एव्हीवर ठेवा, म्हणजे ॲपर्चर तुम्ही ठरवाल आणि शटर कॅमेरा. आयएसओ ऑटोवर, शटर 1/125 च्या खाली जाऊ नये अशी मर्यादा घालून. हलणाऱ्या गोष्टींसाठी फोकस सलग चालणारा: निकॉन-सोनीत एएफ-सी, कॅननच्या डीएसएलआरमध्ये एआय सर्वो, आर मालिकेत सर्वो एएफ. रॉ (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपेग दोन्ही साठवा.

ढोल-ताशा पथक टिपताना दोन्ही प्रयोग करून बघा. 1/1000 ला टिपरू हवेत थिजतं, वादकाच्या कपाळावरचा घामाचा थेंबही दिसतो. 1/60 ला चेहरा स्थिर राहतो आणि हात फिरताना दिसतात, फोटोत आवाज ऐकू येतो. मला दुसरा प्रकार जास्त आवडतो, पण तो दहात एखादाच जमतो, म्हणून भरपूर काढा.

मिररलेसवाल्यांनी इलेक्ट्रॉनिक शटर जपून वापरावं. ते अजिबात आवाज करत नाही म्हणून गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहात, फोटो काढायची परवानगी मिळाली असेल तेव्हा, हवंहवंसं वाटतं. पण बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. त्यामुळे एलईडीच्या उजेडात चित्रावर आडवे पट्टे येतात आणि धावती लोकल एका बाजूला झुकलेली दिसते. पट्टे दिसले तर शटर 1/100 किंवा 1/50 वर आणा, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे आणि दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. तरीही राहिले तर मेकॅनिकल शटरवर या आणि संवादाच्या मधल्या टाळ्यांची वाट बघा.

आर50, झेड50, ए6400 यांसारख्या सुरुवातीच्या मिररलेसमध्ये हात हलला तरी सेन्सर सरकवून चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा नसते. ते काम मग लेन्सने करायला हवं, म्हणून लेन्सवर आयएस, व्हीआर किंवा ओएसएस लिहिलंय का ते बघा. संध्याकाळच्या उजेडात हातात धरून काढायचं असेल तर ही अक्षरं लागतातच. लिहिलेली असतील तर बटण चालू ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर लावल्यावर बंद करा.